पोपट फुगून बसला, आणि म्हणे तीन दिवस वाट बघा!

परभणी, नांदेड, लातूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पाखरं पाळणाऱ्यांसाठी एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: पोपट अचानक फुगून बसला की अंगाला हात लावा, गरम लागलं तर ताप, पॅरासिटामॉलची पाव गोळी चमचाभर पाण्यात खलून पाजा. अशक्त वाटला तर चोच उघडून मध-ब्रँडी सोडा. फिट आली तर कांदा हुंगवा. रक्त आलं तर हळद-चुना. जुलाबाला टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल पाण्याच्या वाटीत. मग कापडात गुंडाळून बल्बखाली ठेवा आणि तीन दिवस वाट बघा, कारण ‘ढोराच्या डॉक्टरला पाखराचं काय कळतंय?’

त्या तीन दिवसांपासूनच सुरुवात करू, कारण खरा घात तिथं होतो. रानात आजारी दिसणारं पाखरू शिकाऱ्याच्या नजरेत सगळ्यात आधी भरतं, म्हणून पोपटाची जात दुखणं लपवते. माणूस जवळ आला की पिसं आवरून ताठ बसायचं, पाठ फिरली की पुन्हा फुगायचं. तो तुमच्यासमोरही डोळे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसायला लागला, तर समजा की लपवण्याचंही बळ संपलंय. दुखणं आजचं नाही, बहुधा बऱ्याच दिवसांचं आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं मात्र तो आजाराचा पहिला दिवस धरलाय. त्यात बजरीगर, म्हणजे बाजारात ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ते, जेमतेम ३० ते ४० ग्रॅमचे. एक-दोन दिवस पोटात दाणा गेला नाही तरी एवढासा जीव जाऊ शकतो. वाटीत टरफलं दिसतात म्हणून तो खातोय असंही धरू नका. आजारी पाखरू दाणे नुसते फोडून टाकतं. खरं काय ते स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सांगतो. निरोगी असतानाचं वजन लिहून ठेवलेलं असेल आणि त्यात दहा टक्के घट दिसली, तर वाट बघण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आता तापाचं. पक्ष्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं आणि आपलं ३७. म्हणजे ठणठणीत पोपटही आपल्या हाताला गरमच लागणार. हात लावून निदान करायचं म्हटलं तर मराठवाड्यातल्या प्रत्येक पोपटाला बारमाही ताप निघेल! आणि पाव गोळीचा हिशोब कुणी केलाय का? ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा म्हणजे १२५ मिलिग्रॅम. कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, साधारण ९० ग्रॅमचा. तेवढं सगळं त्याच्या पोटात गेलं, तर ६० किलोच्या माणसानं एका दमात दीडशेहून जास्त गोळ्या गिळल्यासारखं होईल. याला कुणी घरगुती उपाय म्हणत असेल तर कठीण आहे.

चोच उघडून काहीतरी ओतण्याचा सल्ला त्याहून वाईट. मध, ब्रँडी, ओआरएस, साधं पाणी, काहीही असो. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असतं आणि आपल्यासारखी झाकणी तिथं नसते. गळून गेलेल्या पाखराला धड गिळता येत नाही. ओतलेलं थेट श्वासनळीत उतरतं आणि ‘औषध दिलं, तरी गेला’ असं म्हणायची वेळ येते. ‘तरी’ नव्हे, कित्येकदा औषध पाजल्यामुळेच गेलेला असतो. पाजताना त्याला मुठीत आवळतात तो दुसरा धोका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नाही, छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच हवा आत-बाहेर होते. छाती दाबली की श्वास बंद. धरायचंच झालं तर मऊ कापडातून, मान आणि पाय सावरून, छाती मोकळी ठेवून धरा.

ऊब देण्याचा सल्ला निम्मा बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. फुगलेलं पाखरू अंगातली ऊब राखायला धडपडत असतं. त्याला २८ ते ३२ अंशांची जागा, मंद उजेड आणि शांतता मिळाली तर त्याची शक्ती वाचते. पण गुंडाळायचं कशाला? पिंजऱ्याच्या एका बाजूला ऊब द्या, दुसरी बाजू मोकळी ठेवा, नको झालं तर तो स्वतः सरकेल. लाइट गेली तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवून ठेवली तरी भागतं. आणि हा मेसेज महिना विचारत नाही! डिसेंबरात बल्ब ठीक. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२-४३ वर, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. तिथं बल्ब लावणं म्हणजे पाखरू भाजून काढणं. उन्हाची लक्षणं वेगळी असतात: पिसं अंगाला चिकटलेली, पंख अंगापासून लांब धरलेले, चोच उघडी, धाप. अशा वेळी सावलीत, हवेशीर जागी हलवा, पाय साध्या पाण्यानं ओले करा, प्यायला पाणी समोर ठेवा. बर्फाचं पाणी नको. ओलं पोतं चारी बाजूंनी टाकून वाराच कोंडायचा, हेही नको.

कांद्याबद्दल एवढंच की त्यानं फिट थांबत नाही, आणि कांदा पोटात गेला तर पक्ष्याला तो विषारी ठरतो. झटक्यांमागं ऊन असू शकतं, कॅल्शियमची कमतरता असू शकते, किंवा पिंजऱ्याच्या तारेवरचं जस्त चावून पोटात गेलेलं असू शकतं. आजूबाजूच्या टणक वस्तू काढा, उजेड कमी करा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरला तो फार उपयोगी पडतो.

९० ग्रॅमच्या कॉकाटीलच्या अंगात रक्त असतं सुमारे नऊ मिलिलिटर, म्हणजे दोन चमचेसुद्धा नाही. म्हणून थेंब थेंब वाहतंय तरी गंमत नाही. नख तुटलं असेल तर कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ कापूस काही मिनिटं दाबून धरा. हळदीनंही तिथं फारसं बिघडत नाही. चुना मात्र कातडी भाजतो. वाढत्या पिसातून रक्त येत असेल तर दाबून धरा आणि निघा. ते पीस उपटणं डॉक्टरचं काम.

टेट्रासायक्लिनची गंमत अशी, की आजारी पाखरू आधीच पाणी कमी पितं, कडू झालेलं तर आणखी कमी. मग किती औषध पोटात गेलं ते कुणाला ठाऊक? वर चोच घासायला पिंजऱ्यात टांगलेल्या पांढऱ्या समुद्रफेसातलं कॅल्शियम हे औषध बांधून ठेवतं. शिवाय पातळ शी म्हणजे जुलाबच असंही नाही. काकडी-कलिंगड खाल्ल्यावर नुसतं पाणी वाढतं. सिटॅकोसिस नावाचा पोपटांचा जिवाणूजन्य आजार असेल तर डॉक्सिसायक्लिन या त्याच गटातल्या औषधाचा उपचार साधारण ४५ दिवस चालतो, एका कॅप्सूलचं ते काम नाही. तो माणसालाही होतो. पाखरू आजारी असताना घरात कुणाला ताप-खोकला आला, तर आपल्या डॉक्टरला घरात पोपट आहे हे आवर्जून सांगा.

राहिले ‘ढोराचे डॉक्टर’. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्यांचीच गर्दी असते हे खरं. पण परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत; जिंतूर-गंगाखेडच्या माणसाला परभणी, देगलूर-मुखेडच्या माणसाला उदगीर काही परदेश नाही. पक्षी कोण तपासतं ही चौकशी पाखरू धडधाकट असतानाच करून ठेवा. नेताना भोकं पाडलेला छोटा खोका, तळाशी टॉवेल, आणि सोबत पिंजऱ्यातला शीचा ताजा कागद घ्या. उन्हाळ्यात पहाटेचीच गाडी धरा.

अंगणात किंवा गावात एकदम पाखरं मरत असतील तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगिरात कावळे बर्ड फ्लूनं मेले होते.

आणि एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण दवाखाना टाळण्यामागं पुष्कळदा तीच असते. आपला हिरवा राघू पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो अनुसूची दोनमध्ये आहे. भीतीपोटी लोक त्याला घरातच ठेवतात आणि वर लिहिलेले सगळे प्रयोग त्याच्यावर होतात. पतंगाच्या मांजानं जखमी झालेला किंवा घरट्यातून पडलेला राघू सापडला, तर वन विभागाचा १९२६ हा नंबर फिरवा आणि ते येईपर्यंत त्याला अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवा.