विदूषकाच्या अश्रूंची ती गोष्ट

माझी भाची रुग्णालयातील मुलांसाठी विदूषकी शिकणार आहे, हे कळताच नातेवाइकांच्या गटात एक संदेश फिरू लागला आणि तो वाचून तिच्या आईने विरोध सुरू केला. खिन्नतेने ग्रासलेला एक माणूस लंडनमधील डॉक्टरांकडे जातो, डॉक्टर त्याला ग्रिमाल्डी या विदूषकाचा खेळ पाहायला सांगतात आणि तो म्हणतो, 'मीच ग्रिमाल्डी.' पुढे निष्कर्ष असे, की हसवणारा नेहमी आतून रडत असतो, चेहऱ्याचा रंग अश्रू लपवण्यासाठी असतो आणि दुःखाशिवाय ही कला साधत नाही.

अमेरिकन लेखक राल्फ वाल्डो इमर्सन यांच्या 'द कॉमिक' या निबंधात हीच गोष्ट नेपल्सच्या कार्लिनी या विनोदी नटाच्या नावावर आहे. गाव आणि नाव बदलून कुणालाही लावता येणारी गोष्ट चरित्र म्हणून कशी मान्य करायची?

जोसेफ ग्रिमाल्डीच्या (१७७८–१८३७) वाट्याला दुःख आले, हे नाकारता येत नाही. त्याची पहिली पत्नी १८०० मध्ये बाळंतपणात गेली आणि मुलगा १८३२ मध्ये वारला. परंतु वर्षानुवर्षे उड्या मारून आणि आपटून घेऊन त्याचे शरीर इतके झिजले, की चाळिशीतच त्याला रंगभूमी सोडावी लागली आणि १८२८ मधील निरोपाचा प्रवेश त्याने बसून केला. दुःखाने त्याची कला घडवली, असे सांगणारा संदेश या कलेच्या श्रमांनी त्याला दिलेल्या वेदनांबद्दल एक शब्दही काढत नाही. त्याहून घातक म्हणजे, उपचार मिळायला हवेत अशा आजाराला हा संदेश कलावंताची पात्रता ठरवतो आणि रुग्णाला औषधाविना परत पाठवणाऱ्या डॉक्टरांबद्दल कुणाला काही वाटतही नाही.

रंगाविषयी एवढेच, की भल्यामोठ्या नाट्यगृहात चेहरा दुरूनही दिसावा लागतो.

आता लपवण्याचा मुद्दा. पॅरिसमधील नाट्यशिक्षक झाक लकॉक यांनी १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांना एकेक करून वर्गासमोर येऊन हसवायला सांगितले. विद्यार्थ्यांनी विनोद केले, कसरती केल्या, पण कुणीही हसले नाही. अखेर ओशाळून ते जागेवर जाऊन बसू लागले, तेव्हा वर्ग हसू लागला. विदूषक आपली फजिती सर्वांच्या देखत मान्य करतो आणि आपण जे जन्मभर झाकत असतो, ते त्याने उघडे ठेवलेले पाहून आपल्याला हसू येते. लकॉक यांनी लाल नाकाला जगातील सर्वांत लहान मुखवटा म्हटले आहे, आणि त्याच्याभोवतीचा सारा चेहरा उघडाच असतो.