जाडसर की बारीक?

परवा संध्याकाळी पिठाच्या गिरणीत सात माणसांदेखत काट्यावर उभं करून वजन झालं. माझं. दळणाचं आधीच झालं होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी पोळी बंद करून भाकरीवर आणलंय, म्हणून ज्वारी आणि नाचणीचे दोन डबे घेऊन गेलो होतो, एवढीच पार्श्वभूमी. पण गिरणीचा कायदा असा की गव्हावर गहू आणि ज्वारीवर ज्वारीच पडायची. माझ्यापुढे गव्हाचे पाच डबे. म्हणजे अर्धा तास बाकावर बसणं आलं. आणि बाकावर काकी होत्या.

त्या माझ्या कोण लागतात, मला माहीत नाही. कोल्हापुरात काकी हे नातं नसतं, नेमणूक असते.

"काय आणलंयस?"

"ज्वारी."

"जोंधळं म्हण की. आणि त्या डब्यात?"

"नाचणी."

"अगं बाई, कोण आजारी आहे घरात?"

"कोणी नाही. वजन कमी करतोय."

काकींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणजे निघाल्या होत्या खालपर्यंतच, पण मधल्या मुक्कामाला गाडी बराच वेळ थांबली.

"कधीपासनं?"

"तीन महिने झाले."

"आँ?"

या 'आँ'वर मी अजून नीट झोपलेलो नाही. त्यात पट्ट्याच्या धडधडीवरून गिरणीवाला ओरडला, "साहेब, जाडसर काढू की बारीक?"

"आधी त्यालाच बारीक काढ बाबा!" काकी.

सगळे हसले. गिरणीवाल्याच्या भुवयांवरचं पीठसुद्धा झडलं. मीही हसलो. अशा वेळी जाड्या माणसानं सर्वांत आधी हसायचं असतं, नाहीतर 'मनाला लावून घेतो' असं वर ऐकायला लागतं.

मग काकींनी किती किलो म्हणून विचारलं, मी चौऱ्याऐंशी म्हणालो, त्यांनी "बघू" म्हणून काट्याकडे बोट दाखवलं. आणि मी उभा राहिलो! का राहिलो, हे बायकोनंही विचारलं. तुम्ही त्या काकींना भेटलेला नाहीत, एवढंच सांगतो. लाल आकडे थोडे थरथरले आणि ८६.४ वर स्थिर झाले.

"चपला आहेत पायात," मी म्हणालो.

"लोखंडाच्या आहेत व्हय?"

गिरणीवाल्यानं सवयीनं हिशेब केला. आठ रुपये किलोनं ६९१ रुपये. वरचे वीस पैसे त्यानं सोडले.

यानंतर उपदेशाचं दळण सुरू झालं आणि त्याला कुणाचाच नंबर आड आला नाही. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घे, चरबी वितळते. (एक मोठा चमचा मध म्हणजे साठेक कॅलरी. चरबी ऐकते कुठे? ती गोड मानून घेते.) जवसाची चटणी खा. ताक पी. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं पी, हुलगं खाऊन घोडा बघ कसा पळतोय! हुलग्यात १०० ग्रॅममागे बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, पोट भरलेलं राहतं, हे खरंच आहे. पण घोडा हुलगे खाऊन पळतो, मी हुलगे खाऊन खुर्चीवर बसून ई-मेल पाठवतो.

काकींचे एक भावजी आहेत. त्यांनी डाएटवाल्या डॉ. दीक्षितांचं ऐकून दिवसातून दोनदाच जेवायचं धरलं, पंचावन्न मिनिटांत. "घड्याळ लावून जेवायचे बघ. चोपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाची दुसरी वाटी." वजन वाढलं तसे ते तूप खायला सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांकडे वळले. आधीचं श्रीखंड मात्र सोडलं नाही.

खरी गोष्ट अगदीच बेचव आहे. चरबी जाळणारा पदार्थ जगात नाही. ज्वारी आणि गहू, दोन्हींत कॅलरी जवळपास सारख्याच. फरक इतकाच की भाकरी दोन खाल्ल्या की हात थांबतो, आणि तेल लावलेली घडीची पोळी चौथीलाही 'घे रे' म्हणते. मोड आलेली मटकी, अंडं, काकडी, डाळ, सगळ्यांचं काम तेच, पुढच्या घासाला अडवायचं. साबुदाणा ते करत नाही. तो म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याला शेंगदाण्याचा कूट आणि तुपाची फोडणी, आणि त्याला आपण उपवास म्हणतो. असो.

पण मला राग साबुदाण्याचा नाही. राग याचा आहे की कुणाच्या टकलावर, कर्जावर, नापास झालेल्या पोरावर तोंडावर कोणी बोलत नाही, निदान थोडी चाड ठेवतात. पोट मात्र सार्वजनिक मालमत्ता. 'काय, सुटलास की' हा नमस्कार झालाय. आणि हीच माणसं घरी गेलं की 'एका लाडवानं काय होतंय' म्हणून ताटात दोन वाढतात. नको म्हटलं तर 'आता काय, डाएटवाले झालात!' काकींचे दोन्ही गुडघे गेलेत, बाकावरून उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला त्यांनी. मी काही बोललो का? मनात बोललो, पण ते धरू नये.

माझा नंबर लागला तेव्हा काकींचं दळण कधीच होऊन गेलेलं होतं. त्या नुसत्याच थांबल्या होत्या. जाताना गिरणीवाल्याला म्हणाल्या, "लिहून ठेव वहीत. पुढच्या दळणाला बघू." आणि त्यानं लिहिलं. 'नाचणीवाले साहेब, ८६.४.' माझ्या डोळ्यांदेखत.

आता मी दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या गिरणीत जातो. तिथं दळण जरा भरड येतं, भाकरी थापताना चिरते, बायको कुरकुरते. पण तिथला काटा तागडीचा आहे.