नाव कॉलेजात, मूल क्लासात

‘दहावीनंतर विद्यार्थी दोन वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकतात’ हे कनिष्ठ महाविद्यालयांवरच्या (अकरावी-बारावी) लेखातलं वाक्य कागदावर बरोबर आहे. सायन्सवाल्यांचं विचारा. माझ्या भाचीचं नाव एका कॉलेजात होतं, बसायची क्लासमध्ये. ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात त्याला, फीही तशीच घसघशीत. केमिस्ट्रीची जर्नल मैत्रिणीची बघून उतरवली, ब्युरेट (द्रव मोजायची काचेची नळी) हातात घेतली ती थेट प्रात्यक्षिक परीक्षेला. तरी ३० पैकी २८!

मुलांना तरी काय बोलणार? इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटी या प्रवेश परीक्षेवर. बारावीत खुल्या गटाला ४५ टक्के मिळाले की भागलं. मग अकरावीच्या वर्गात बसायचं कोणी? २०१८ मध्ये सरकारने सायन्सला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. त्या यंत्रांचं पुढे काय झालं, हे लेखात यायला हवं होतं.