फरशी कसली आहे?

एप्रिल लागला की बाजारात कैऱ्या आणि फोनवर कथकच्या कार्यशाळांची पोस्टरं एकदमच येतात. गुलाबी-जांभळं पोस्टर, मधोमध गुरुजींचा चक्कर घेतानाचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो, खाली बारीक अक्षरांत : निवासी, ७ दिवस, एक तराणा, एक ठुमरी, धमारच्या निवडक बंदिशी, प्रमाणपत्र मिळेल, जागा मर्यादित. आणि त्याखाली माझ्याकडे कथक शिकणाऱ्या कुठल्यातरी मुलीच्या आईचा मेसेज : "ताई, हिला पाठवू का?"

हल्ली मी सगळ्यांना एकच उत्तर देते. आधी फोन करून विचारा, फरशी कसली आहे. एका आईने मला उलट विचारलं होतं, "फरशी म्हणजे ताई, कुठल्या अर्थाने?" अहो, फरशी याच अर्थाने! जिच्यावर तुमची मुलगी आठवडाभर पाय आपटणार आहे ती.

जरा हिशेब करू. तीनतालाचा तत्कार, म्हणजे पाय आपटून काढायचे बोल, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. एका मात्रेला एक पाय. लय अगदी बेताची, मिनिटाला ६० मात्रांची धरा. बराबरीत मिनिटाला ६० आघात, दुगुनीत १२०, चौगुनीत २४०. निवासी कार्यशाळेत सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन असे सहा तास असतात. त्यातले दोनच तास पायांचे धरले आणि तेही नुसत्या दुगुनीत, तरी दिवसाला १४,४०० आघात होतात. सात दिवसांचे एक लाखाच्या वर. शिवाय पायात शंभर-शंभर घुंगरू. माझी जोडी मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली होती, दोन किलोला थोडी कमी भरली.

आणि हे सगळं कशावर? मे म्हणजे लग्नसराई. मंगल कार्यालय मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. मग शाळेचा हॉल, सोसायटीचं क्लब हाऊस, एका ठिकाणी तर चक्क पार्किंग. खाली काँक्रीटचा स्लॅब, वर व्हिट्रिफाइड टाइल. दिसायला चकचकीत, रीलमध्ये पावलांचं प्रतिबिंबही झकास येतं. पण ती टाइल त्या लाख आघातांतलं काही म्हणजे काही स्वतःकडे ठेवून घेत नाही. सगळं नडगीत परत पाठवते.

तीन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी अशा कार्यशाळेला गेली होती. कुठल्या ते सांगत नाही, कारण ती बाकीच्यांपेक्षा वाईट होती असं मुळीच नाही. आणि पाठवलं मीच. मुलगी सोळाची, नुकतीच दहावी दिलेली, माझ्याकडे आठ वर्षं. पुढे नाचच करायचा हे तिचं ठरलेलं, घरच्यांचं निम्मं ठरलेलं. चौथ्या दिवशी डावी नडगी दुखायला लागली. तिथल्या कुणीतरी सांगितलं, दुखणारच, त्यालाच रियाज म्हणतात. तिने क्रेप बँडेज गुंडाळलं, वर घुंगरू बांधले आणि सातव्या दिवशी तराणा सादर करून, प्रमाणपत्र घेऊन घरी आली.

सोमवारी वर्गात ती पायऱ्या एकेक करून चढताना दिसली. म्हटलं, एका पायावर उडी मारून दाखव. उजव्यावर मारली. डाव्यावर मारायला गेली आणि भिंत धरली. नडगीच्या आतल्या कडेला, बरोबर एका ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बोट टेकवलं की डोळ्यांत पाणी. एक्स-रे काढला, तो स्वच्छ. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या आघातांनी हाडाला गेलेली बारीक चीर, पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला पंचवीस वर्षं नाच शिकवून माहीत नव्हतं. डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला, त्यात निघालं. आठ आठवडे पाय बंद.

त्या डॉक्टरांनी मला एक साधा प्रश्न विचारला. जानेवारी ते मार्च ही काय करत होती? काय करणार, खुर्चीवर बसून अभ्यास करत होती. दहावीच्या वर्षी जानेवारीपासून नाच बंद असतो, निम्म्या घरांत तर दिवाळीपासूनच. म्हणजे तीन महिने शून्य आणि मग एकदम रोज सहा तास. भार वाढला की हाड स्वतःची डागडुजी काढतं, जुनं खरवडून नवीन भरतं. पण खरवडणं आधी होतं, भरणं मागाहून, आणि भरायला आठवडे लागतात. घरात गवंडी घुसलेले असताना त्याच खोलीत लग्न काढावं, तसं आपण या मुलींच्या पायांचं करतो. त्यात वाढीचं वय, पाळीची अनियमितता, दिवसभर क्लासच्या बंद खोलीत बसून ऊन अंगावर न पडलेलं.

आता ज्येष्ठ मंडळी म्हणतील, आम्ही फरशीवरच नाचलो, आम्हाला काही झालं नाही. त्यांतल्या किती जणींचे गुडघे आज जिना उतरताना गुपचूप कठडा शोधतात ते मी पाहिलेलं आहे, पण ते राहू दे. त्या रोज तासभर, वर्षानुवर्षं नाचल्या. जुन्या वाड्यांत लाकडी तक्तपोशी होती, कुठे सारवलेली जमीन होती. एका आठवड्यात लाखभर आघात हा प्रकारच तेव्हा नव्हता. आणि हो, मी स्वतः बारा वर्षं टाइलवरच वर्ग घेतला. त्या मुलीच्या एमआरआयनंतर लाज वाटली म्हणून सुताराला बोलावलं. लाकडी पट्ट्यांची चौकट, पट्ट्यांखाली रबराचे तुकडे, वर दोन थर प्लायवूड. सागवान परवडत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार मात्र पूर्वीच्या निम्म्याने कमी झाली, हा वरकड नफा.

कार्यशाळा नकोत असं मला म्हणायचं नाही. माझं अख्खं नाचणंच एका कार्यशाळेने फिरवलं. १९९१चा मे, मी सोळा वर्षांची, दहा दिवस. शाळेच्या लाकडी स्टेजवर आम्ही अकरा मुली, एक तबलजी काका आणि पेटीवर लेहरा, म्हणजे तालाबरोबर पुन्हा पुन्हा फिरणारी धून, धरणारा एक पोरगेलासा मुलगा. शिकवायला आलेल्या बाई पहिल्या दिवशी आमच्याकडे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, तत्कार करा. आम्ही केला. बऱ्याच वेळाने मागे न बघताच म्हणाल्या, "डावीकडून तिसरी, तुझा डावा पाय खोटं बोलतोय." ती मी. माझी डावी टाच दर चौथ्या मात्रेला केसभर उशिरा पडत होती, आणि ती झाकायला मी पुढची मात्रा घाईने घेत होते. आठ वर्षांत हे कुणाला ऐकू आलं नव्हतं, मला तर नाहीच. पुढचे तीन दिवस मला नुसती ठाय, म्हणजे संथ लय. घुंगरूसुद्धा काढून ठेवायला लावले, म्हणजे ते आवाजात चोरी करणार नाहीत. बाकीच्या मुली आमद, म्हणजे नाचातली प्रवेशाची रचना, शिकत होत्या आणि मी कोपऱ्यात एक, दोन, तीन, चार. रडले पण. त्या कार्यशाळेच्या माझ्या वहीत दहा दिवसांचं मिळून दीड पान भरलंय. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आज सात दिवसांच्या वहीत चाळीस पानं असतात. मुली परत येतात त्या बंदिशी घेऊन, आणि पावसाळा संपेपर्यंत त्यातल्या दोन आठवतात. नवीन बंदिश तर मीही देऊ शकते, आता व्हिडिओवरूनही उतरवता येते. जे घरी मिळत नाही ते कार्यशाळेत मिळावं. आपल्या बाईंना सवयीने ऐकू येईनासा झालेला दोष परक्या कानाला ऐकू येतो, तो कान. आणि प्रत्यक्ष वाजणारा तबला. शहरातल्या मुलीसुद्धा आता लेहऱ्याच्या ॲपवर वाढतात. ॲप कधी दमत नाही, कधी तुमच्याकडे बघून हसत नाही, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली तरी तसंच पुढे जातं. तबलजीसमोर पढंत करायची, म्हणजे बोल तोंडाने तालात म्हणायची, वेळ आली की याच मुलींचा आवाज घशात जातो. गाण्याचंही तेच. कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही नाचाची संस्था काढली. त्या केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाणं शिकल्या होत्या, नर्तकी असून. आज पोस्टरवर गाण्याचा एक तास लिहिलेला मला दाखवा. 'मेकअप आणि हेअरस्टाइल सत्र' लिहिलेलं मी दाखवते.

माझ्या मामेबहिणीची मुलगी न्यू जर्सीत बॅले शिकते. तिकडे या प्रकाराला समर इंटेन्सिव्ह म्हणतात आणि त्याची तयारी ऐन बर्फात सुरू होते. स्कूल ऑफ अमेरिकन बॅले ही न्यूयॉर्कची शाळा, बॅले बसवणारे जॉर्ज बॅलन्शीन आणि त्यांचे साथीदार लिंकन कर्स्टीन यांनी १९३४ मध्ये सुरू केलेली. तिच्या पाच आठवड्यांच्या उन्हाळी वर्गासाठी हिवाळ्यातच शहरोशहरी निवड होते. आमच्या पोरीची तिथे नाही झाली, दुसरीकडे झाली. मी फोनवर पहिला प्रश्न अर्थातच फरशीचा विचारला. ती म्हणाली, "मावशी, स्प्रंग फ्लोअरच असतो ना." यात विचारायचं काय, असा सूर. खाली उसळी घेणारं लाकूड, वर विनाइलची चादर, कोपऱ्यात पियानो वाजवणारा माणूस. तिकडचं सगळं सोनं आहे असं नाही हं. फीचा आकडा ऐकून मामेबहिणीच्या नवऱ्याने गाडी बदलायचा विचार सोडून दिला, आणि बारीक राहण्याच्या नादात त्या मुली जे खातात, म्हणजे जे खात नाहीत, ते ऐकून माझ्याच पोटात खड्डा पडला. पण फरशी आणि पियानो मला हवेत.

आपल्याकडे खरी पंचाईत वयाची आहे. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि एप्रिलमध्ये अकरावीचे क्लास सुरू होतात. नाच गंभीरपणे करू बघणाऱ्या मुलीला मोकळा उन्हाळा मिळतोच एखादा. सरकारी मदतही याच वयाला हुकते. सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेच्या बालकलाकार शिष्यवृत्तीला अर्ज करायचा तो १० ते १४ वर्षं वयात, आणि तरुण कलाकारांची, महिना ५,००० रुपयांची, दोन वर्षं मिळणारी, ती १८ ते २५ वयाला. पंधराव्या-सोळाव्या वर्षी जिला जाग आली तिने मधली वर्षं आईवडिलांच्या खिशावर काढायची. मग तो एकुलता एक उन्हाळा फुकट जाऊ नये म्हणून आईवडील भरगच्च पोस्टर निवडतात. पैसे मोजायचे तर ताटात चार पदार्थ जास्त हवेत, हे मला समजतं. मीही मुलीच्या क्लासची फी भरताना पानांची जाडी बघितलेली आहे.

ती एमआरआयवाली मुलगी आता कॉलेजात आहे आणि नाचतेय. त्या आठ आठवड्यांत ती खुर्चीवर बसून रोज पढंत करत होती, हातावर ताल धरून. आज माझ्या वर्गात तिच्याइतकी स्वच्छ पढंत कुणाची नाही. याचं श्रेय कार्यशाळेला द्यायचं का मला अजून कळलेलं नाही.

यंदा तिच्या धाकट्या बहिणीची दहावी झाली. काल पोस्टर आलं, खाली आईचा तोच मेसेज. मी तेच उत्तर दिलं. बाई शहाण्या, त्यांनी लगेच आयोजकांना फोन लावला आणि दहा मिनिटांत मला व्हॉइस नोट पाठवली : "ताई, विचारलं हो मी. ते म्हणाले, फरशीचं काही टेन्शन घेऊ नका, हॉल पूर्ण एसी आहे."