‘हुंडा दिला, वाटा संपला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: लग्नात दिलेला हुंडा हाच मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटा, वडील 2005 पूर्वी वारले असतील तर तिला काही नाही, सातबाऱ्यावर नाव नसेल तर विषयच संपला, आणि हे सगळं महिला संघटनांनी घरं फोडायला आणलं.

हुंडा देणं-घेणं 1961 पासून गुन्हा आहे. गुन्हा पुढे करून कुणाचा वारसा कापता येत नाही.

2005 चा मुद्दा जास्त फसवा, कारण तो अर्धा खरा वाटतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ची. पण विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं: मुलीचा हक्क जन्माने आहे, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. मुख्य अट ही, 20 डिसेंबर 2004 पूर्वी खरोखर वाटप झालेलं नसावं. घरात तोंडी ठरलं होतं, एवढ्यावर भागत नाही.

आकड्यात बघा. वडिलोपार्जित नऊ एकर, मागे आई, एक मुलगा, एक मुलगी. जुन्या हिशेबात मुलीला एक एकर मिळायचा, आता तीन. वडिलांनी आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र केलं असेल तर हिशेब बदलतो, हे मात्र खरं.

सातबारा हा महसुली कागद. त्याने मालकी येत नाही, जातही नाही. खरी मेख वारस नोंदीत असते. प्रतिज्ञापत्रातून बहिणी गाळतात, नाहीतर त्यांची नावं कब्जेदार (जमीन धारण करणाऱ्यांच्या) सदराऐवजी ‘इतर हक्कां’त ढकलतात. किंवा साडीचोळी देऊन ‘हक्क सोडला’ अशा स्टॅम्पपेपरवर सही घेतात. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं नसेल तर असं हक्कसोडपत्र कोर्टात टिकत नाही. नोंदवलेलं मात्र मोडणं फार अवघड, म्हणून कार्यालयात जाण्याआधीच मसुदा वाचून घ्या.

संघटनांनी मागणी केली, यात लपवण्यासारखं काय आहे? महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना सहदायाद, म्हणजे जन्माने वाटेकरी केलं, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. ती फट केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने बुजवली. आणि घर फुटतं ते बहुतेकदा गुपचूप गाळलेलं नाव वर्षांनी उघडं पडल्यावर.

फेरफाराची (सातबाऱ्यावरच्या नोंदीतल्या बदलाची) नोटीस महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसते, हरकत पंधरा दिवसांत, लेखी आणि पोच घेऊन द्या. मुदत हुकली तरी वाटपाचा दिवाणी दावा करता येतो. त्यात कुटुंबाच्या जमिनींचे सगळे गट नंबर आणि घरजागा घाला. एखादा राहिला की अर्धवट वाटपाचा आक्षेप येतो आणि तारखा वाढत जातात.