फुनक्याचं घमेलं

पाण्याची किंमत खानदेशी माणसाला शिकवावी लागत नाही. आमच्या धुळ्यात नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी टाकी, पिंप, हंडे, कळशा भरून झाल्यावर बायको प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवते. अशा घरात, दिवसातून वाटेल तितक्या वेळा आणि नळापेक्षा बऱ्या दाबाने पाणी सोडणारा प्राणी होळीच्या सुमारास दाखल झाला. मुलीने आणला. गावठी कुत्र्याचं पिल्लू, गोल, तपकिरी, हाताला ऊन ऊन लागणारं. मुलीने त्याच्यासाठी एक इंग्रजी नाव शोधून ठेवलं होतं, पण माझ्या आईने, म्हणजे मायने, त्याला बघितलं आणि म्हणाली, "हाई ते फुनकं शे!" फुनकं म्हणजे आमच्याकडचा डाळीचा वाफवलेला गोळा, कढीसोबत खायचा. हा कढीत सोडायचाच काय तो बाकी होता. नाव पडलं फुनक्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी लस टोचली आणि हिशेब सांगितला. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा, तितके तास ते फार तर दम धरतं. फुनक्या दोन महिन्यांचा, म्हणजे तीन तास. "तेही झोपेत हं," डॉक्टर म्हणाले. "एरवी झोपून उठला की, खाल्लं की आणि खेळून झालं की लगेच जागेवर न्यायचं." मी घरी येऊन वेळापत्रक मांडायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की झोपून उठणं, खाणं आणि खेळणं याखेरीज फुनक्याला दुसरा उद्योगच नाही.

'जागेवर' म्हणजे कुठे, हा पुढचा प्रश्न. लशींचे सगळे डोस होईपर्यंत रस्त्यावर उतरवायचं नाही. भटक्या कुत्र्यांच्या वाटेवर पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा धोका असतो. आणि अंगणात म्हणाल, तर आमच्या कॉलनीत मातीचं अंगण आता कुणाकडेच नाही. पावसाळ्यात काळी माती चपलेसकट माणसाला धरून ठेवते, म्हणून सगळ्यांनी दारापर्यंत फरशी घालून घेतलीय. आम्हीही. शेवटी कापडण्याकडच्या एका शेतातून, जिथे कुत्री फिरकत नाहीत अशा कोपऱ्यातली गोणीभर माती मी स्कूटरवर आणली. जी घराबाहेर राहावी म्हणून कर्ज काढून फरशी बसवली, तीच माती मी दोन्ही पायांत धरून घरी घेऊन आलो. घमेल्यात भरली, थोडं पाणी शिंपडलं, आणि घमेलं गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलं.

फुनक्याला घमेलं फार आवडलं. बाहेर पारा बेचाळीसला टेकलेला आणि इथे ओली, गार माती. तो त्यात गोल फिरला, पायांनी थोडी उकरली, आणि झोपला. तासाभराने उठला, आळस दिला, जिना उतरून खाली आला आणि हॉलमध्ये मोकळा झाला. त्याचंही चुकलं म्हणता येईना. झोपायच्या जागी घाण करायची नाही हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. ते शिकवायला आम्ही कुणी लागलो नाही.

मग घरात पद्धती सुरू झाल्या. बायकोची पद्धत फिनाईलची. डॉक्टर म्हणाले, फिनाईलने वास जातो तो आपल्यापुरता. कुत्र्याच्या नाकाला जुना पत्ता बरोबर सापडतो. त्यासाठी वेगळं औषध मिळतं, ते वापरा. औषध आलं, पण बायकोचा जीव फिनाईलशिवाय राहीना, म्हणून आधी ते आणि वर हे. पुसायला दोनदा पाणी. शेजारच्या आप्पांची पद्धत जुनी होती : "भाऊ, त्याचं नाक घासा त्यात." डॉक्टरांनी हीही मोडीत काढली. झाल्यावर काही सेकंदांत बोललात तर त्याला कळतं; नंतर ओरडलात तर तो इतकंच शिकतो की माणसांसमोर करू नये. आप्पांचा सल्ला घेतलेल्या घरातली कुत्री सोफ्यामागे का जातात ते तेव्हा उमगलं. मायची पद्धत म्हणजे कसलीच पद्धत नाही. "त्याले कसाले वरडस? मुकं जनावर शे. तू धाकला व्हता तवय तू बी गोधड्या वल्ल्या करे." हे ती पाहुण्यांसमोर सांगते.

पाण्याला वळण लावणारे इंजिनिअर विश्वेश्वरय्या 1884 साली सरकारी नोकरीत लागले आणि सुरुवातीच्या कामांतलं त्यांचं एक काम आमच्याच भागातलं : दातर्तीजवळ पांझरेच्या प्रवाहाखालून नळाचा सायफन घालून पाणी पलीकडे नेणं. पुढे त्यांनी मोठमोठी धरणं बांधली. त्यांच्या हाताखाली पिल्लू दिलं असतं तर कारकीर्द तिथेच थांबली असती, असं माझं मत आहे.

रात्रीची पाळी माझी. उन्हाळ्यात आमच्याकडे अर्धं गाव गच्चीवर झोपतं. खाटा, गाद्या, मच्छरदाण्या, उशाशी तांब्या. त्यात एका बाजूला बायकोने आणि शेजारणींनी मिळून केलेले उडदाचे पापड आणि बिबडे दिवसा ज्यांवर वाळत घालायचे त्या जुन्या साड्या दोरीवर टाकलेल्या. (त्या साड्यांपर्यंत फुनक्या पोचला तर मला घर सोडावं लागेल, अशी लेखी नसली तरी स्पष्ट सूचना होती.) अशा गच्चीवर पहाटे मी घमेल्यापाशी उकिडवा बसून दबक्या आवाजात म्हणायचो, "शू... शू... कर राजा, शू..." फुनक्या तारे बघायचा. मी पुन्हा, "शू..." पलीकडच्या गच्चीवर खाट करकरायची आणि आप्पा जिना उतरून जायचे. चार-सहा दिवसांनी ते सकाळी दारात उभे. साठीच्या पुढचा माणूस, डोळे तांबारलेले. "भाऊ, तुमचं कुत्रं करो न करो, तुम्ही म्हणता आणि मला उठावं लागतं. दुसरा शब्द शोधा."

दुसरा शब्द मुलीने शोधला, "चल बेटा". त्यासोबत भाकरीचा तुकडा, तोही झाल्याबरोबर, तिथल्या तिथे. दुसरं एक घमेलं आणून झोपायचं आणि करायचं वेगळं केलं. एकदा करायच्या घमेल्यात झालं, आम्ही टाळ्या पिटल्या, माय म्हणाली, "देख, समजनं ना त्याले!" आणि हळूहळू गाडी रुळावर आली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, फुनक्या जिन्याच्या पायरीशी उभा राहून आमच्याकडे बघायला लागला होता. इतकं शहाणं पोर घरात पहिलंच, असं बायको माझ्याकडे बघून म्हणाली.

आखाजीला ताई माहेरी आली, अडीच वर्षांच्या भाच्याला घेऊन. घागर पुजली, पुरणपोळी-आमरस झाला. त्याचा डायपर सोडवायचा म्हणून ताई मेटाकुटीला आलेली. भाच्याने सगळं नीट पाहिलं : फुनक्या वर जातो, घमेल्यात करतो, लोक टाळ्या वाजवतात, खाऊ मिळतो. संध्याकाळी तो गच्चीवर गेला, चड्डी उतरवली, घमेल्यात उभा राहिला, काम उरकलं आणि हात पुढे केला.

मायने त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला.

फुनक्या आला, घमेलं हुंगलं, परत हुंगलं. मग जिना उतरून खाली गेला. ताईची बॅग हॉलमध्येच होती.