‘शिकाऊ हातांचा दवाखाना’: त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला: माहेरच्या, सासरच्या, निवृत्त सिस्टरांच्या आणि खानापूरच्या भजनी मंडळाच्या. सासरच्या ग्रुपवर तो माझ्या धाकट्या दिरांनी टाकला आणि खाली लिहिलं, “वहिनी, तुम्ही यातल्याच. खरं काय ते सांगा.” मी एकतीस वर्षं नर्सिंग शिकवलं. तेव्हा सांगते, भाऊजी, पण तीन ओळींत होणार नाही.

मेसेज थोडक्यात असा. कॉलेजला जोडलेल्या दवाखान्यात पाऊल टाकू नका. तिथं शिकाऊ पोरं हात साफ करून घेतात, म्हणून माणसं जास्त दगावतात. संशोधनाच्या नावाखाली बेळगाव भागातल्या गरीब बायकांवर परदेशी औषधांचे प्रयोग करतात. इंग्रजी कागदावर सही किंवा अंगठा घेतला की ते मोकळे. आणि ‘कसं शिकवावं’ यावर संशोधन करणारे प्राध्यापक बढतीसाठी कागद रंगवतात, रुग्णाला उपयोग शून्य. शिवाय विद्यार्थी तपासायला आले तर रुग्णाला ‘नको’ म्हणायची सोय नाही. शेवटी नेहमीसारखे हात जोडलेले तीन इमोजी.

‘प्रयोगां’चा मुद्दा आधी घेते, कारण त्यात आपल्या जिल्ह्याचं नाव आहे.

बेळगावात संशोधन झालंय आणि ते लपूनछपून झालेलं नाही. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांचं सगळ्यांत गाजलेलं काम २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसलं नाही तर रक्त जाऊन बाई तास-दोन तासांत हातची जाते. ते आकसवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. जांबोटीच्या रानातल्या एखाद्या वाडीवर त्या काळात कुठला फ्रीज? मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र साध्या डब्यात राहते आणि तोंडाने देता येते. गोळी नवी नव्हती, अल्सरसाठी आधीपासून वापरात होती. ती इथं कामाला येईल का, एवढंच पाहायचं होतं. जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, घरी नाहीतर उपकेंद्रात बाळंत झालेल्या १६२० बायकांमध्ये ते पाहिलं. गोळ्या दिल्या त्या गावोगाव हिंडणाऱ्या एएनएम सिस्टरांनी, म्हणजे आरोग्यसेविकांनी. गोळी मिळालेल्यांत जादा रक्तस्राव झाला ६.४ टक्के बायकांना, न मिळालेल्यांत १२ टक्के. अतिगंभीर रक्तस्राव एकीकडे ०.२ टक्के, दुसरीकडे १.२. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

मेसेज लिहिणाऱ्याला इथं एक टोचणारा प्रश्न विचारता आला असता, तो त्याला सुचला नाही. मीच विचारते. निम्म्या बायकांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली होती. का? तर तेव्हा घरच्या आणि उपकेंद्रातल्या बाळंतपणात असं कुठलंच औषध द्यायची रीत नव्हती, म्हणजे कुणाचं चालू औषध काढून घेतलं नव्हतं. हे उत्तर मला पटतं, तरी घशाखाली सरळ उतरत नाही. ज्यांना अजिबात पटत नाही त्यांच्याशी मी भांडणार नाही. पण हा प्रश्न धरून बसणं वेगळं आणि ‘आमच्या बायकांना उंदीर केलं’ म्हणून बोंब मारणं वेगळं.

याच कामातून एक वस्तू निघाली, तिच्यावर माझा फार जीव. बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची प्लास्टिकची चादर, खालच्या टोकाला निमुळती होत गेलेली पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. बस्स. आमच्या वेळी लेबर रूममध्ये मी विचारायची, “किती गेलं ग?” आणि उत्तर यायचं, “जास्त नाही सिस्टर, नेहमीएवढंच.” नेहमीएवढं म्हणजे किती, ते कोणी कधी मोजलं होतं? बेळगावात पिशवी आणि नजर यांची तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे ३३ टक्के कमी भरला. म्हणजे पाऊण लिटर रक्त गेलेलं असायचं आणि आम्ही अर्धा लिटर लिहायचो. मीही त्यातलीच, माझ्या हातच्या जुन्या केसपेपरांवर काय आकडे असतील, याचा विचार मी हल्ली करत नाही. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत अशाच रेघांच्या पिशवीने वेळेत ओळखायचं आणि लगेच ठरलेले सगळे उपाय एकदम करायचे, अशी पद्धत तपासली गेली. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणाऱ्या अनर्थाचं प्रमाण ६० टक्क्यांनी उतरलं.

आता ‘कसं शिकवावं’ याच्या संशोधनाचा रुग्णाला शून्य उपयोग, हा मुद्दा. मेसेजमधल्या सगळ्या वाक्यांत मला हेच जास्त लागलं, कारण माझं आयुष्य त्यात गेलं.

जन्मलेलं बाळ रडलं नाही तर पूर्वी काय करायचे, ते गावाकडच्या आज्यांना विचारा. कानाशी थाळी वाजवायची, गार पाण्याचा हबका मारायचा, पाय धरून उलटं करून पाठीत थापट्या द्यायच्या. दवाखान्यातही उलटं धरणाऱ्या सिस्टर मी पाहिल्यात. बेळगाव भागात प्राथमिक केंद्रांपासून मोठ्या इस्पितळांपर्यंत बाळंतपणं करणाऱ्या ५९९ जणांना बाळाचा श्वास सुरू करण्याचं एक छोटं प्रशिक्षण दिलं आणि आधीची व नंतरची बाळंतपणं मोजली. २०१३ मध्ये ते छापून आलं. मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ वर आलं. त्यातलीही जी बाळं अगदी बाळंतपणाच्या वेळी जातात, त्यांचं १.७ वरून ०.९ वर. महागडं यंत्र नाही, नवं औषध नाही. जी बाळं ‘मेलेलीच जन्मली’ म्हणून कापडात गुंडाळली जायची, त्यातली काही मेलेली नव्हतीच.

त्याच अभ्यासात जन्मानंतरच्या महिनाभरातले बालमृत्यू मात्र कमी झालेले दिसले नाहीत. शिवाय आधी आणि नंतर अशी तुलना चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीइतकी पक्की नसते. हेही त्यात आलंच.

असल्या प्रशिक्षणात टेबलावर एक बाहुली असते. तिच्यात पाणी भरलं की हाताला खऱ्या बाळाचं वजन लागतं. हवा भरायचा पिशवी-मास्क तोंडावर धरून दाबायचं आणि छाती वर येतेय का ते बघायचं. पहिल्या वेळी बहुतेकींची छाती येत नाही. वीस वर्षं बाळंतपणं केलेली सिस्टरही घामाघूम होते. मास्क नीट बसलेला नसतो, किंवा मान फार मागे गेलेली असते. मान थोडीशीच, वास घेतल्यासारखी, वर करायची. आणि हे सगळं पहिल्या मिनिटात. एका सिस्टरने माझ्यासमोर सातव्या खेपेला छाती उठवली आणि बाहुलीलाच म्हणाली, “आलं की ग माझं बाळ!”

पण हात विसरतो. बेळगाव, नागपूर आणि केनिया इथं पुढे पाहिलं तेव्हा लेखी उत्तरं लक्षात राहिली होती, पिशवी-मास्कचं कौशल्य मात्र काही महिन्यांत उतरलं होतं. पुन्हा सराव दिला की वर आलं. कधी आणि किती वेळा सराव द्यायचा, हे शोधायला कुणीतरी ‘कागद रंगवावे’ लागतातच.

शिकाऊ हातांमुळे माणसं जास्त दगावतात का? अमेरिकेत रुग्णांच्या दोन कोटींहून जास्त भरतींची नोंद तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष छापला गेला: मोठ्या शिक्षण-इस्पितळांत तीस दिवसांतले मृत्यू ८.३ टक्के, न शिकवणाऱ्यांत ९.५. आजाराचा आणि इस्पितळाचा फरक जमेस धरूनही शिकवणारी इस्पितळं सरस ठरली. हा आकडा उचलून बेळगावला चिकटवायचा नाही. तिथली व्यवस्था वेगळी. पण मेसेजवाल्याने तर कुठलाच आकडा दिलेला नाही. उलट बाजूही आहे. जुनी बॅच जाऊन नवी येते त्या महिन्यात चुका वाढतात असं काही अभ्यासांत दिसलंय आणि वॉर्डात काम केलेल्या कोणालाही त्यासाठी अभ्यास लागत नाही. तेव्हा शिकाऊ असण्यापेक्षा मला भीती वाटते ती शिकाऊ एकटा असण्याची. रात्री दोन वाजता इंटर्नच्या मागे पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिकणारा डॉक्टर, आहे का, पीजीने फोन केला तर वरचे उचलतात का. हे मेसेजने विचारलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

ड्युटी बदलताना आम्ही ओव्हर देतो, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला सोपवतो, त्याचंही सांगून टाकते. ओव्हर कशी द्यायची हे अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांतल्या बालरोग विभागाच्या निवासी डॉक्टरांना ठरावीक साच्यात शिकवलं, तर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. नुसतं बोलायचं कसं, ते शिकवून.

सहीच्या मुद्द्यात मेसेजने तीन वेगळ्या संमत्यांचा काला केलाय. उपचाराची संमती एक, विद्यार्थ्याने तपासायची दुसरी, संशोधनात भाग घ्यायची तिसरी. एकीत दुसरी येत नाही. उपचारातसुद्धा, एका तपासणीसाठी घेतलेली संमती मोठ्या शस्त्रक्रियेला चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलंय. संशोधनाचे नियम त्याहून कडक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहिती भाग घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत द्यायची, लिहिता न येणाऱ्याचा अंगठा तटस्थ साक्षीदारासमोर घ्यायचा, आणि मधेच बाहेर पडलं तरी उपचार थांबवायचे नाहीत. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत डॉक्टरांशिवाय कायद्याचा जाणकार आणि एक साधा नागरिक लागतो. औषधांच्या चाचण्या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे आणि ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही उघडून पाहता येते.

नियम आहेत म्हणजे पाळले जातातच असं नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी एका इस्पितळात माझ्यासमोर चार पानी इंग्रजी कागद पुढे आला. “इथं, इथं आणि मागं एक.” मी मराठीत मागितला. मिळाला नाही, कन्नडमधला मिळाला. मावसबहीण उचगावची, शाळा मराठी. शेवटी एका सिस्टरने उभ्या उभ्या तोंडी सांगितलं. चांगलं सांगितलं, पण लोक नुसतं “इथं सही करा” म्हणतात तेव्हा असे मेसेज जन्माला येतात, आणि त्याचा दोष मी मेसेजवर टाकणार नाही. सीमाभागात भाषेची ही अडचण रोजची. चंदगडहून येणारा मराठी, बैलहोंगलचा कन्नड, विद्यार्थी देशभरातले. एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला स्थानिक भाषेचे धडे आणि पुढे रुग्णाशी बोलण्याचं शिक्षण आलंय. पण ‘स्थानिक’ म्हणजे इथं एक भाषा नाही.

राहिला शेवटचा आरोप, रुग्णाला विद्यार्थ्यांना ‘नको’ म्हणायची सोय नाही. आहे. माझ्या शेवटच्या वर्षी वॉर्डात खानापूरकडची एक आजी होती, पोटाच्या दुखण्याची. सकाळी सात विद्यार्थी खाटेभोवती उभे राहिले आणि एकाने नवं शिकलेलं कन्नड वापरलं, “एल्ली नोविदे?” (कुठं दुखतंय?) आजीला कळलं होतं. तिने पदर ओढून घेतला आणि मराठीत सांगितलं, “एवढी जणं नको. बाजार नव्हं ह्यो.” सर मागे उभे होते, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मग आजीने दाराशी रेंगाळलेल्या एका पोरीला बोटाने बोलावलं. ती पोरगी लांबच्या राज्यातली, तिला ना मराठी येत होतं ना कन्नड. स्टूल ओढून बसली. आजीने तिचा हात धरून आपल्या पोटावर नेमक्या जागी ठेवला आणि म्हणाली, “हितं दुखूलंय. दाब, पण सावकाश.”